डावा भोंगा, उजवा भोंगा

कप्तानाच्या बोटीचा भोंगा बसला, ही घटना तशी किरकोळच होती. आधी तो खोकल्यासारखा वाजू लागला, मग उसासे टाकू लागला आणि शेवटी बटण दाबलं की नुसती हवा येऊ लागली. कप्तान हा काही खराखुरा कप्तान नव्हे. नदीच्या या काठावरचे प्रवासी त्या काठावर नेणाऱ्या सरकारी बोटीचा तो चालक. पण डोक्यावर पांढरी टोपी असायची म्हणून लोक त्याला कप्तान म्हणत, आणि त्यालाही ते मनापासून पटलेलं होतं.

तो इकडून निघाला की त्याच वेळी समोरून दुसरी बोट निघे. ती चालवणारा त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नदीच्या मध्यावर दोघे मेहुणे एकमेकांना हात करत. धुकं पडलं की हात दिसत नसे. मग दोघेही भोंगे वाजवत आणि त्या आवाजाच्या अंदाजाने एकमेकांना चुकवत.

"दादा, थंडी तोंडावर आलीय," बहीण म्हणाली. "आधी त्या भोंग्याचं बघ. माझं एक माणूस या बोटीवर, दुसरं त्या बोटीवर. सकाळभर जीव टांगणीला लागलेला असतो माझा."

कप्तान तडक जलप्रवास खात्याच्या साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"भोंगा हवाय, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. "भोंगा असा शब्द खात्यात नाही. भोंगा म्हणजे नेमका कुठला? गिरणीचा? प्रचाराच्या गाडीवरचा? की सभेतला?"

"वाजणारा, साहेब."

"म्हणजे ध्वनियंत्रणा."

"असेल," कप्तान म्हणाला. पुढचं सगळं या एका 'असेल'मुळे घडलं.

ध्वनियंत्रणा म्हटल्यावर ती स्टिरिओच असायला हवी, असा खात्याचा नियम होता. एका बाजूच्या प्रवाशांना आवाज मिळतो आणि दुसऱ्या बाजूच्यांवर अन्याय होतो, अशा तक्रारींवरून मोनो प्रकार कधीच बाद करण्यात आला होता. शिवाय स्टिरिओ निवडायचा तर समिती हवी. ती तिथल्या तिथे नेमली गेली आणि तळागाळाचा आवाज म्हणून कप्तानाला तीत घेण्यात आलं. त्याला हात टेकायची खुर्ची मिळाली, समोर पाण्याचा झाकणवाला पेला आला. आजवर त्याचं मत कुणी विचारलं नव्हतं. घरी तर नाहीच नाही. तो भोंग्याबद्दल दोन शब्द बोलायच्या तयारीने आला होता, पण खुर्ची इतकी मऊ होती की ते दोन शब्द त्याने जरा पुढे ढकलले.

बोटीवर इंजिनाचा फार गोंगाट असतो आणि त्यात आवाजाची पारख होत नाही, म्हणून बोटीचा स्टिरिओ खात्याच्या सभागृहात, खिडक्या लावून, पडदे ओढून तपासण्यात आला. विक्रेता गोड गळ्याचा होता.

"स्टिरिओ म्हणजे काय, तर डावीकडचं डावीकडे आणि उजवीकडचं उजवीकडे," तो म्हणाला. "डोळे मिटा. गायिका तुमच्या डाव्या खांद्याशी उभी आहे असं वाटलं पाहिजे."

समितीने डोळे मिटले. साहेबांनी ते बराच वेळ उघडलेच नाहीत. कप्तानाला प्रथम काहीच वाटलं नाही, पण बाकीच्यांना वाटतंय हे पाहून हळूहळू त्यालाही वाटू लागलं. चौथ्या बैठकीपर्यंत तो "बास जरा कोरडा वाटतो" असं म्हणायला शिकला. पुढे तर ट्रेबलवरून साहेबांशी त्याचा मतभेद झाला आणि साहेबांनी माघार घेतली. त्या दिवशी कप्तान घरी चालत गेला नाही, तरंगत गेला.

यंत्रणा ठरली. दोन्ही बोटींना सारखीच, गाणीही सारखीच, आणि बोट सुटली की आपोआप सुरू होणारी. म्हणजे एका काठाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा असं व्हायला नको. मग साहेबांनी शेवटचा मुद्दा काढला.

"दुसऱ्या बोटीवर जुना भोंगा अजून चालू आहे असं कळतं. एका बोटीवर दोन दोन ध्वनियंत्रणा? तो काढून भांडारात जमा करावा."

कप्तान मऊ खुर्चीत पुढे सरकला. "साहेब, तो मात्र..."

"तुम्ही आमचे आवाजातले जाणकार," साहेब आदराने म्हणाले. "तुम्हीच सांगा. बास कसा आहे त्या भोंग्याचा?"

कप्तानाने प्रामाणिकपणे विचार केला. "बास... नाहीच त्यात."

"मग?"

ठराव एकमताने मंजूर झाला. वर गेलेल्या हातांत कप्तानाचाही हात होता.

संध्याकाळी बहीण दारात उभी. "दादा, ह्यांचा भोंगा काढून नेला! चांगला चालू होता की!"

"अगं, मोनो होता तो."

"मोनो म्हणजे?"

"एकाच बाजूने वाजायचा."

"पण वाजायचा ना?"

कप्तान चिडला. "तुला नाही कळायचं यातलं," असं म्हणून त्याने टोपी झटकली.

स्टिरिओ बसल्यावर प्रवासी बेहद्द खूश झाले. पुलावरून बसने जाणारेही वाट वाकडी करून बोटीने येऊ लागले. आणि मग एके सकाळी धुकं पडलं. असं दाट, की कप्तानाला आपल्याच बोटीचं टोक दिसेना. त्याने इंजिनाचा वेग कमी केला, तसं गाणं छान ऐकू येऊ लागलं. सवयीने त्याचा हात भोंग्याच्या बटणाकडे गेला. तिथे आता आवाज वाढवायची कळ होती.

"वाढवा की, कप्तान!" मागून फर्मान सुटलं. कप्तानाने वाढवला.

नदीच्या मध्यावर डावीकडचं गाणं जास्तच खुलून येऊ लागलं. कप्तानाचा ऊर भरून आला. "ऐकलंत? डावी बाजू कशी सुटी येतेय!"

प्रवाशांनी डोळे मिटले. "वा!" खिडकीशी बसलेले निवृत्त मास्तर म्हणाले. "बाई अगदी शेजारी येऊन गातेय!"

"आणखी जवळ आली!" त्यांची बायको म्हणाली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या चालू असतानाच धुक्यातून दुसऱ्या बोटीचं नाक बाहेर आलं. त्यामागे मेहुण्याचा चेहरा होता, आणि त्यावरही तेच कौतुक होतं.

पाणी तिथे उथळ होतं म्हणून सगळे वाचले. मेहुण्याचा पाय मोडला आणि कानठळ्या बसल्या त्या बसल्याच. कप्तान दवाखान्यात गेला तेव्हा बहीण खाटेशी बसून होती. त्याने टोपी काढून हातात घेतली आणि पुटपुटला, "चुकलो मी, भावोजी."

"जोरात बोल, दादा," बहीण त्याच्याकडे न बघता म्हणाली. "त्यांना ऐकू येत नाहीये."

कप्तान सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडला, "चुकलो मी!" आणि मग लहान पोरासारखा रडला. एक परिचारिका धावत आली आणि इथे शांतता पाळायची असते, असं तिने त्याला बजावलं.

रीतसर चौकशी झाली. दोन्ही बोटींवर एकच गाणं चालू होतं, त्यामुळे ओळख पटण्यात घोटाळा झाला, असं अपघाताचं कारण निघालं. यापुढे दोन्ही बोटींवर वेगवेगळी गाणी लावावीत, अशी शिफारस झाली. कप्तान खुर्चीतून उठून उभा राहिला.

"साहेब, भोंगा," तो एवढंच म्हणाला.

"लोकांची बोट आहे, लोकांनाच विचारू," साहेब म्हणाले.

आणि खरोखर विचारलं. दोन्ही धक्क्यांवर झुंबड उडाली. जुनी गाणी की नवी, यावरून हमरीतुमरी झाली. पाण्यातून बाहेर काढलेले मास्तर सर्वांत पुढे होते. कुणा एका बाईने भोंगा मागितला, पण ते गाणं नसल्यामुळे तिची मागणी विचारात घेता आली नाही. गर्दी इतकी आहे, की खात्याला मुदत वाढवावी लागली. तुमची फर्माईश राहिली असेल तर हळहळू नका. पुढचं धुकं पडेपर्यंत वेळ आहे.