घड्याळजींचा उजवा कान

सर्दी सायनसमध्ये उतरली, गोळ्या संपल्या, नाक मोकळं झालं. पण घड्याळजींचा उजवा कान काही दुखायचा थांबेना. तेव्हा डॉक्टरकडे जाण्याआधी आपला कान आपणच एकदा तपासावा, असं त्यांनी ठरवलं. दिवसभर घड्याळं उघडून बसणाऱ्या माणसाला एक कान काय जड? (असं त्यांना वाटलं. बायकोला तसं वाटत नव्हतं, पण तिला कुणी विचारलंच नव्हतं.)

हा कान म्हणजे त्यांचं हत्यार. बंद पडू पाहणारं घड्याळ कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "तिसरं चाक घासतंय." उघडून बघावं, तर तिसरंच चाक घासत असायचं. गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालायची. हा कान गेला तर दुकानाला कुलूप, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यात भर म्हणून कानात आवाज येऊ लागला. जांभई दिली की 'कट्'. घास चावला की 'कट्'.

"अगं, ऐक जरा," म्हणून त्यांनी बायकोच्या कानाला कान चिकटवला आणि आ वासला.

"अगंबाई!" ती दचकली. "खरंच वाजतंय की आत काहीतरी!"

घड्याळजींचा चेहरा पडला. त्याच आठवड्यात एका मनगटी घड्याळाचा खसखशीएवढा स्क्रू चिमट्यातून उडाला होता. टेबल झाडलं, सतरंजी झटकली, शेवटी स्वतःलाही झटकलं. पण स्क्रू गायब. आता पत्ता लागला होता.

त्यांनी आपलं भिंग बायकोच्या डोळ्याला लावलं आणि खिडकीशी कान करून बसले.

"काय दिसतंय?"

"अंधार."

"टॉर्च लाव."

"आता उजेडात अंधार दिसतोय."

"अगं, स्क्रू दिसतोय का?"

"मळ दिसतोय. लोकांची घड्याळं तेवढी साफ करता!"

मग घड्याळजींनी लोहचुंबक आणवलं. कानाजवळ नेताच ते 'टक्' करून चिकटलं. "मिळाला!" ते ओरडले. बायकोनं सगळा जोर लावून ओढलं आणि चुंबकाबरोबर त्यांचा चष्मा निघून आला. त्याची एक काडी तेवढी कानावर राहिली. त्यानंतर त्यांनी धूळ उडवायची रबरी फुंकणी उचलली, तेव्हा मात्र बायकोनं ती हिसकावून घेतली आणि त्यांना कानाच्या डॉक्टरबाईंकडे नेऊन बसवलं.

डॉक्टरबाईंनी कानात कॅमेऱ्याची नळी सरकवली. समोरच्या टीव्हीवर मोतिया रंगाची, पातळ, लकाकणारी एक चकती उमटली.

"हा तुमच्या कानाचा पडदा. स्वच्छ आहे. ही रेघ दिसते ना, ते हातोडीचं हाड. त्यामागे ऐरण, आणि मग रिकीब. शरीरातलं सगळ्यात लहान हाड. तांदळाच्या दाण्याहूनही छोटं."

घड्याळजी बघतच राहिले.

"याला चावी?"

"नाही."

"तेल?"

"नाही."

"आणि चालतं?"

"तुमच्या जन्माच्या आधीपासून चालतंय."

घड्याळजी आदरानं खुर्चीतून उठले. "बसा, बसा, कॅमेरा आत आहे!" डॉक्टरबाई ओरडल्या. ते बसले, पण डोळे भरून आले होते. आयुष्यभर त्यांना वाटे, नाजूक कारागिरी काय ती आपल्या टेबलावरच होते. आणि हे यंत्र फुकट, बिनगाजावाजाचं, त्यांच्याच टोपीखाली चालू होतं. आपण त्यात फुंकणी घालायला निघालो होतो, या विचारानं त्यांच्या अंगावर काटा आला.

"मग दुखतंय कशानं?" बायकोनं विचारलं.

"सायनसनंतर नाकाकडून कानाला जाणारी नळी सुजलेली राहू शकते, पडद्यामागे पाणी साठू शकतं, कधी दाढही असते. यांचं तसं काही दिसत नाही. कान बिचारा भला शेजारी. भांडण दुसऱ्याच्या घरात, डोकेदुखी याला." त्यांनी कानापुढं बोट ठेवून तोंड उघडायला लावलं. 'कट्'. "हा जबड्याचा सांधा. दिवसभर काय चावता?"

"काही नाही."

"रुमाल," बायको म्हणाली.

खरंच होतं. नाक बंद असताना ते तोंडानं श्वास घेत आणि त्या वाऱ्यानं टेबलावरचे स्क्रू उडत. म्हणून तोंडावर रुमाल धरायचा, आणि हात मोकळे हवेत म्हणून तो दातांत घट्ट आवळायचा. नाक उघडलं, तरी रुमाल सुटला नव्हता.

"आता सोडा. मऊ खा, शेक द्या, हळूहळू थांबेल. नाही थांबलं तर परत या."

ऐकण्याचीही तपासणी झाली. कागद पाहून डॉक्टरबाईंनी भुवया उंचावल्या. "या वयात असा कान मी क्वचितच पाहिलाय."

"ऐकलंस?" घड्याळजींची छाती फुगली. दुकान वाचलं होतं. शिवाय असला कान!

"डॉक्टर," बायकोनं शांतपणे विचारलं, "स्वयंपाकघरातून मारलेली हाक यांना बाहेरच्या खोलीत ऐकू येत असेल ना?"

"हाक? अहो, चमचा पडला तरी ऐकू येईल!"

घरी येताच घड्याळजी वर्तमानपत्र उघडून आरामात बसले. स्वयंपाकघरातून, भांड्यांच्या आवाजाआडून, ती जेमतेम पुटपुटली, "अहो, नळ गळतोय, तेवढा बघा."

घड्याळजींनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. क्षणभर थांबले. मग मुकाट्यानं त्याची घडी घातली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच, पहिल्या हाकेला पाना शोधायला उठले.