हिरवा, सजीव मुद्देमाल

नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका लेआउटमध्ये राहणाऱ्या पुष्पलताबाई रेवतकर यांच्या माडीवरच्या न्हाणीघरात, भाडेकरू खोली सोडून गेल्यानंतर, उलट्या टोपलीखाली एक इग्वाना, म्हणजे घोरपडीसारखा हिरवा परदेशी सरडा, आढळून आला. भाडेकरूचं नाव अमोल. तो या प्राण्याला खांद्यावर बसवून व्हिडिओ काढत असे. पिल्लू तळहाताएवढं होतं तोवर लोकांनी डोक्यावर घेतलं. पुढे ते वाढलं, चाबकासारखी शेपटी फिरवू लागलं आणि कौतुक आटलं. प्राणी वाढेल, अशी अमोलची अपेक्षा नव्हती.

बाईंनी फोन लावला तेव्हा तो पुण्याला पोचलेला होता. "काकू, तुमीच ठेवून घ्या," तो म्हणाला. "पालक खाते तो फक्त. तुमाले सोबत होईन." त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

बाईंनी टोपली उचलली. पायाला बांधलेल्या दोरीने काचून प्राण्याची दोन बोटं काळी पडली होती. बाईंनी दोरी कापली, हळद लावली आणि शेवग्याचा पाला समोर ठेवला. तो त्याने खाल्ला नाही. देवासाठी काढून ठेवलेली जास्वंदीची फुलं मात्र ताट सरकवून खाल्ली. नवरा गेल्यापासून त्या घरात कोणी इतक्या आवडीने जेवलं नव्हतं.

पण बाई नियमाच्या माणूस. उभा जन्म डाकघराच्या काउंटरवर गेला होता. योग्य खिडकीत योग्य अर्ज दिला की काम होतं, यावर त्यांची श्रद्धा होती. त्यांनी खिडक्या शोधायला सुरुवात केली. एका कार्यालयाने विचारलं, दूध देतो का? दुसऱ्याने विचारलं, भुंकतो का? तिसऱ्याने फोटो पाहून हळहळ व्यक्त केली की घोरपड असती तर ताबडतोब उचलली असती, पण हा परदेशी पडला. शेवटी सिव्हिल लाइन्समधल्या 'परदेशी प्राणी नियमन कक्षा'चा पत्ता मिळाला. तिथे गोपाळराव नावाचे निरीक्षक बसत. माणूस सज्जन होता. बाईंना खुर्ची दिली, चहा मागवला.

"तुमी त्याले खाऊ घातलं काय?" त्यांनी विचारलं.

बाईंनी हो म्हटलं.

"मंग तुमीच मालक झाल्या ना, बाई. आता तुमच्याजवळ खरेदीची पावती पाहिजे."

पावती नव्हती. म्हणजे प्राणी बेकायदेशीर ठरला आणि बाई बेकायदेशीर प्राणी बाळगणाऱ्या. उपाशी ठेवला असता तर त्या निर्दोष राहिल्या असत्या, असं गोपाळरावांनी खेदाने सांगितलं.

दोन पंच घेऊन ते जप्तीला आले. 'हिरव्या रंगाचा, शेपटीसह एक हात लांबीचा, सजीव मुद्देमाल' असा पंचनामा झाला. आता मुद्देमाल ठेवायचा कुठे? कक्षाकडे पिंजरा नव्हता. पिंजऱ्याचा प्रस्ताव वर गेलेला होता. अशा वेळी माल परिसरातल्या विश्वासू नागरिकाच्या ताब्यात देण्याची तरतूद आहे. परिसरात चौकशी केली तेव्हा सगळ्यांनी एकमुखाने पुष्पलताबाईंचं नाव सांगितलं. तेव्हा आरोपी पुष्पलताबाईंकडून जप्त केलेला प्राणी विश्वासू नागरिक पुष्पलताबाईंच्या हवाली करण्यात आला. या सगळ्या काळात इग्वाना जास्वंदीच्या कुंडीवरून हलला नव्हता.

अट एकच होती: माल आहे त्या स्थितीत ठेवायचा. बाईंकडून नेमकी तीच मोडली. बोटांच्या जखमा भरल्या. अंगावर तेज आलं. दुपारी बाई पेपर वाचायला बसल्या की तो खुर्चीच्या पाठीवर येऊन त्यांच्या खांद्याशी डोकं टेकवी. थंडी लागली तशी बाईंनी बिजागऱ्या निघालेल्या जुन्या कपाटात जाळी ठोकून घेतली आणि आत पिवळा बल्ब लावला. दिवाळीनंतर गोपाळराव टेप घेऊन तपासणीला आले आणि मोजून मोजून घामाघूम झाले.

"माल बदलला काय, बाई?"

"वाढला तो."

"मुद्देमाल वाढत नसते," गोपाळराव म्हणाले. मग बाईंचा चेहरा पाहून त्यांना दया आली. "थोडंसं कमी खाऊ घाला ना. निकाल लागेपर्यंत."

बाई त्या दिवशी पहिल्यांदा घाबरल्या. नियमाबाहेरचं काही करावं म्हणून त्यांनी 'मूकस्पंदन प्रतिष्ठान'च्या अध्यक्षा दामिनीताईंना गाठलं. ताई कॅमेऱ्यासह आल्या. स्वच्छ कपाट, ऊब, ताजी फुलं आणि गुटगुटीत प्राणी पाहून त्या नाराज झाल्या. यात वेदना दिसत नाही, असं त्यांचं मत पडलं. मग त्याला माडीवर नेऊन पुन्हा टोपलीखाली घालण्यात आलं आणि ताईंनी रडत टोपली उचलली. पहिल्या वेळी मध्येच भाजीवाल्याची हाळी आली, म्हणून सुटका दुसऱ्यांदा केली. बाईंनी विचारलं, आता याला नेता ना? ताईंनी सांगितलं की प्रतिष्ठान फक्त सुटका करतं. पुनर्वसन हा वेगळा विभाग आहे. तो अजून उघडलेला नाही.

व्हिडिओ नागपूरभर फिरला. त्याखाली बाईंनी स्वतः लिहिलं होतं: याला कोणी घर देता का? लोकांनी खाली जोडलेले हात ठेवले आणि पुढे गेले. दोघातिघांनी चौकशी केली. एकाला तो एवढाच राहील याची हमी हवी होती. धरमपेठेतल्या एका आईला तो फक्त वाढदिवसापुरता हवा होता.

व्हिडिओ गोपाळरावांच्या साहेबांनीही पाहिला. सरकारी मुद्देमाल खाजगी व्यक्ती टोपलीखालून काढते, ही गंभीर बाब होती. सुनावणीसाठी माल हजर करण्याचा हुकूम निघाला. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी गोपाळराव पेटी घेऊन आले. बाईंनी प्राण्याबरोबर बल्बही पुढे केला.

"बल्ब पंचनाम्यात नाही," ते खाली पाहत म्हणाले.

"थंडीत मरेल तो."

"आज संध्याकाळी तर वापस येते, बाई."

संध्याकाळी तो आला नाही. साहेबांना पेंचला प्राणीप्रेमाच्या कार्यशाळेत बोलावणं आलं होतं; सुनावणी सोमवारवर गेली. कक्षाला कुलूप लागलं. आत, फायलींच्या खोलीत, फरशीवर पेटी होती. बाई शनिवारी गेल्या, रविवारी गेल्या. दोन्ही दिवस पहारेकऱ्याने सांगितलं की किल्ली साहेबांजवळ आहे आणि साहेब पेंचला आहेत.

सोमवारी पेटी उघडली. तो लाकडासारखा कडक झाला होता. बाईंनी त्याला पदरात घेतलं, उन्हात जाऊन बसल्या आणि बराच वेळ त्याची पाठ चोळत राहिल्या. काही झालं नाही.

गोपाळरावांनी सहीसाठी कागद आणला. त्यावर 'मुद्देमालात हालचाल आढळली नाही' असं लिहिलेलं होतं.

"मेला असं लिहा," बाई म्हणाल्या.

"तसं नाही लिहिता येत. मंग कशानं मेला ते बी लिहा लागते."

बाईंनी त्यांच्या हातातला पेन घेतला, ती ओळ खोडली आणि डाकघरातल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: तुम्ही मारला. खाली सही केली. त्या गेल्यावर गोपाळरावांनी दुसरी प्रत काढली आणि 'सही करण्यास नकार' असा शेरा मारून प्रकरण निकाली काढलं.

दामिनीताईंनी श्रद्धांजलीचा व्हिडिओ टाकला. तो पहिल्यापेक्षाही जास्त चालला. खाली शेकडो लोकांनी एकच वाक्य लिहिलं: आम्हाला सांगायचं होतंत, आम्ही नेला असता.

त्यानंतर लोक बाईंच्या फाटकाशी येऊ लागले. एक ससा आला. एक पंख छाटलेला पोपट आला. गेल्या रविवारी मोटारीतून एक नवरा-बायको उतरले. हातात काचेचं भांडं, आत एक परदेशी कासव. घेताना रुपयाएवढं होतं. आता पाठ फिरवायला जागा नव्हती. बायको फाटकाबाहेरूनच ओरडून म्हणाली की तुमचा व्हिडिओ पाहून आम्ही दोघंही रडलो. बाईंना दार उघडून बाहेर यायला वेळ लागला. तोवर भांडं पायरीवर होतं आणि मोटार वळणावर गेली होती.

त्या दोघांची नावं इथे देत नाही. वाचनाची आवड असलेली माणसं आहेत. इथवर वाचत आली असतील.