एका विजयी धावेचे साक्षीदार

राष्ट्रीय देशांतर्गत क्रिकेट स्पर्धेला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आली, तेव्हा तिला इतिहास नाही ही बाब मंडळाच्या निदर्शनास आली. इतिहास तातडीने, म्हणजे सत्कार समारंभाच्या आधी, लिहून घ्यावा असं ठरलं. काम एका वार्ताहराकडे आलं. या स्पर्धेचे सामने तो वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात छापत आला होता, हवामान आणि हरवले-सापडले यांच्या मधल्या जागेत. दोहोंपैकी एक जरा लांबलं की सामना उडायचा.

वार्ताहराने काम घेतलं ते एका धावेसाठी. ती त्याच्या सासऱ्यांची होती. तरुणपणी ते एकदाच अंतिम सामन्यात खेळले. धावसंख्या बरोबरीत, शेवटची जोडी मैदानात. त्यांनी डोळे मिटून बॅट पुढे केली, चेंडू कडेला लागून यष्टिरक्षकाच्या बाजूने निसटला, ते पळाले आणि त्यांच्या संघाने सामना जिंकला. या एका धावेवर त्यांचं लग्न जमलं होतं आणि घरात आजवर शब्दाला वजन होतं. जेवताना हातातल्या चमच्याने ते ती रोज पुन्हा काढून दाखवत.

"जावईबापू, दोन ओळी पुरेत," ते म्हणाले होते. "फोटो नको. डोळे मिटलेले दिसतील."

हस्तलिखित 'इतिहास शुद्धी उपसमिती'समोर गेलं. सचिवांनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं.

"इथे 'हरले' असा शब्द आलाय."

"हरलेच होते ते. माझ्या सासऱ्यांच्या संघाकडून."

"असतील. पण त्यांच्या संघटनेचे अध्यक्ष समारंभाला पहिल्या रांगेत बसणार आहेत. हरलेला माणूस पहिल्या रांगेत बसवायचा कसा?"

'हरले'च्या जागी 'विजयाच्या अगदी जवळ पोहोचले' असं आलं. त्यावर बाकीच्या संघटनांनी आपापले संघ त्याहून जवळ पोहोचल्याचं कळवलं. शेवटी कोणाचंच मन दुखू नये म्हणून आजवरच्या सगळ्या अंतिम सामन्यांत दोन्ही संघ संयुक्त विजेते ठरले. एवढ्यावर भागलं असतं. पण खजिनदारांचा हिशेब पक्का.

"दोघेही जिंकले, तर धावा सारख्या हव्यात. बाकी सामन्यांत फरक मोठा आहे, तिथे पाऊस पडला असं दाखवू. तुमच्या सासऱ्यांच्या सामन्यात मात्र एकच धाव जास्त होतेय. ती परत घ्यावी."

"धाव परत कशी घेणार?" वार्ताहराने विचारलं. "माणूस सत्तरी ओलांडून बसलाय."

"त्यांना कोण उलटं पळायला सांगतंय? कागदावरच घेऊ."

त्या दिवशी सासऱ्यांनी चमचा नुसता जेवायला वापरला. लेकीला ते बघवेना.

"अहो, बाबांना आयुष्यात एकच धाव काढता आली," ती नवऱ्याला म्हणाली. "तीही तुम्ही खाल्लीत."

वार्ताहर सचिवांकडे अडून बसला. सचिवांनी मधला मार्ग काढला. सामना पाहिलेल्या प्रेक्षकाने साक्ष दिली, तर धाव ठेवण्याचा विचार करता येईल.

"बाबा, प्रेक्षक किती होते?"

"तीन. एक झोपला होता. एक सावलीसाठी आला होता. तिसऱ्याचा समज फुटबॉल आहे असा झाला होता, तो शेवटपर्यंत गोलची वाट बघत होता."

तरीही वार्ताहराने आवाहन छापलं. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या दाराशी रांग लागली ती कोपऱ्यावरून वळून पुढच्या गल्लीत गेली. मैदानाची क्षमता एक हजाराची. संध्याकाळपर्यंत साक्षीदार अकरा हजार झाले. एकाने आपण तेव्हा वडिलांच्या खांद्यावर बसलो होतो असं सांगितलं. मागेच उभे असलेले वडील म्हणाले, "मी होतो. याला नेलं नव्हतं." एका बाईंच्या गच्चीवर चेंडू पडला होता. तोच चेंडू आणखी चौघे घेऊन आले. बाकी तपशिलांत फरक होता, पण तो षटकार होता यावर सर्वांचं एकमत होतं. अखेरीस ते पहिल्या रांगेतले अध्यक्षही आले. "मीही पाहिलाय तो," ते गहिवरून म्हणाले. "असा षटकार खाण्यात कमीपणा कसला?"

अडचणच संपली. एक धाव रद्द होऊन षटकार बहुमताने मंजूर झाला.

सासरे धडपडत मंडळात गेले. "अहो, मी षटकार मारला नाही."

"तुमचे डोळे मिटलेले होते, असं तुम्हीच सांगता," सचिव म्हणाले. "तुमची साक्ष कशी धरायची?"

समारंभाला सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सत्कारमूर्ती म्हणून सासऱ्यांचं नाव पुकारलं गेलं आणि व्यासपीठावरची खुर्ची रिकामी दिसली. वार्ताहर शोधत बाहेर पडला. सासरे मागच्या मैदानावर सीमारेषेजवळच्या बाकावर बसले होते. तिथे यंदाचा अंतिम सामना चालू होता, हे समारंभाच्या गडबडीत मंडळाच्याही ध्यानात राहिलं नव्हतं.

धावसंख्या बरोबरीत होती. शेवटची जोडी खेळत होती. सभागृहात षटकारासाठी टाळ्यांचा कडकडाट झाला, तेवढ्यात फलंदाज दचकला, चेंडू बॅटच्या कडेला लागला आणि त्याने पळून एक धाव काढली. सासरे उठून टाळ्या वाजवू लागले. वार्ताहरानेही वाजवल्या. त्या धावेसाठी मैदानाबाहेर वाजलेल्या टाळ्या तेवढ्याच.

फलंदाज धापा टाकत थेट त्यांच्यापाशी आला.

"आजोबा, तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं. एक धाव. कडेला लागून."

"नाव-पत्ता देऊन ठेवता का? पुढे लागेल."

"मी कुठवर पुरणार, बाळा?" सासरे म्हणाले. "आणि साक्षीदारांची चिंता करू नकोस. ते मागाहून येतात."

दुसऱ्या दिवशी गावात कोणाच्या तरी छत्र्या हरवल्या, त्यामुळे तो सामना छापून आला नाही. पण तुम्हाला तो आठवत असेलच. सावलीच्या बाजूला उभे होतात तुम्ही. काय षटकार होता.