कुरुळीच्या शिलाई यंत्राची गुरुवारची मोहीम

श्रीकृपेकरून आणि अल्लाच्या मेहेरनजरेने, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु संवत्सरी, मौजे कुरुळी, तर्फ चाकण, येथे जो रणप्रसंग जाहला तो कोणी विसरो नये आणि पुढे अनुदान मागणारांस शहाणपण यावे, म्हणोन सविस्तर लिहिला असे.

सरकार दौलतमदार यांनी हलाखीच्या वस्त्यांस रोजगार व्हावा याकारणे अनुदान काढिले. तेव्हा बारा बायकांच्या गटाच्या सरदार, अजम शहाजादीबी, यांनी अर्जांवर अर्ज गुदरोन पहिला हप्ता हस्तगत केला आणि गाड्यांची सीटकव्हरे शिवणारे विजेचे यंत्र, नग एक, खरेदिले. मग हुजुरांतून खलिता आला जे, निरीक्षक ज्योतीरामसाहेब जातीने येऊन यंत्र चालते पाहतील, तरच आणिक पाच यंत्रे. न चालल्यास बाकी अनुदान रद्द. बीबींनी हिशेब मांडिला. एका यंत्रावर बारा बायका बसतात कोठे? अनुदान बुडाले तर बहुतेकींस पुन्हा कंत्राटदाराच्या दारी उभे राहणे प्राप्त.

मसलत बैसली. तपासणीसाठी वार कोणता मागावा? गुरुवारी कारखान्यांस सुट्टी, दादले घरी, ते पोरे सांभाळतील, सबब एकमते गुरुवार मागितला आणि तो मंजूरही जाहला. परंतु दर गुरुवारी वीजवाले दुरुस्तीस्तव वीज बंद ठेवितात, हे कोणाचे ध्यानी राहिले नाही. गटातील ज्यांची हयात कुरुळीत गेली त्या अंबूबाईंच्याही नाही.

गुरुवारी साहेबांची जीप वेशीत दाखल जाहली आणि पंखे थांबले. अंबूबाई कपाळास हात लावून वदल्या, "आगं बया! आज गुरवार न्हाई का!" निरीक्षकांनी फर्माविले की वीज पाचास येणार, आम्ही चारास कूच करणार, सबब 'यंत्र बंद' ऐसा शेरा पडेल. शहाजादीबींस रडू फुटले, ते त्यांनी ओढणीत कोंबले आणि गॅरेजवाले रहिमान मिस्त्री यांस फोन लाविला.

मिस्त्री आपली जुनी स्कूटर ढकलीत रणात उतरले. मागील टायर उतरविला, उघड्या रिंगेवर यंत्राचा पट्टा चढविला, स्कूटर स्टँडवर खडी केली आणि बोलले, "आपा, तुमी फकस्त सुई सांभाळा, रेस माझ्याकडं." मग किका मारिल्या. सातव्या किकेस नुसता धूर, अकराव्या किकेस गर्जना, आणि यंत्र धावू लागले. तरी साहेब नाक मुरडून म्हणाले की चिंधी कोणीही शिवेल. तेव्हा बीबींनी साहेबांच्याच जीपेची फाटकी सीट काढविली आणि धुरात खोकत, डोळे पुशीत, दुहेरी टाक्याने शिवली. साहेब वरी बैसले, दोन वेळ उसळले आणि शेरा लिहिला: यंत्र चालू, शिवण मजबूत.

महिन्याने मंजुरीचा खलिता आला. बायका एकमेकींच्या गळा पडोन रडल्या. अंबूबाईंनी सर्वांच्या तोंडी साखर घातली. खलित्याच्या तळी लिहिले होते जे, पाची यंत्रांचे उद्घाटन साहेबांच्या हस्ते, येत्या गुरुवारी. शहाजादीबींनी ते दोन वेळ वाचिले आणि मिस्त्रींस निरोप धाडिला, "रहिमानभाई, अजून पाच स्कूटरी बघा."

येणेप्रमाणे कुरुळी फत्ते जाहली. यंत्रे सहा, बायका बारा, शिफ्टा दोन, स्कूटर हाली एक. बाकीच्या जमविणे चालू असे.