रेव्हनगिलच्या चढावरील स्वारी आणि रबरी नळीचे वर्तमान

एनिडबाईसाहेब हॅलिवेल यांची आज्ञा जाहली की, रेव्हनगिलचा चढ कैसा सर जाहला ते साद्यंत लिहावे, कोणाची भीड धरू नये, खुद्द यजमानांचीही. त्याजवरून यथामती लिहितो. वाचणारांनी चहाचा कप हाती घेऊन स्वस्थ वाचावे.

प्रांत यॉर्कशायर, मौजे ऑसलगिल येथे डेस्मंड हॅलिवेल, उमर एकाहत्तर, पूर्वी टपालकचेरीचे अंमलदार, हे लाल, दोन आसनी, उघड्या गाडीचे धनी. गाडी सन एकोणीसशे सदुसष्टची, तीर्थरूपांकडून वतन आलेली. कागदोपत्री इंजिनात पंच्याण्णव घोडे. ताकद मोजावयाच्या यंत्रावर हजिरी घेतली तो एकसष्टच उभे, बाकीचे वार्धक्यामुळे बेपत्ता. मे महिन्यात गावच्या मोटारमंडळाची रेव्हनगिलच्या चढावर शर्यत होत असे, आणि शेजारी बेसिल ऑलरॉइड हे आपल्या हिरव्या गाडीनिशी अकरा साले डेस्मंडरावांस मात देत आले, आणि दरसाल खांदा थोपटून म्हणत, "पुढच्या वर्षी, डेस्मंड." यंदा नेत्रवैद्याने निक्षून सांगितले की नजर अधू जाहली, या उन्हाळ्यानंतर गाडी हाकणे बंद. म्हणजे पुढचे वर्षच खलास. हे कोणासही न सांगता डेस्मंडराव बागेतील शेडमध्ये मोर्चे बांधून बसले.

मग इंजिनाचे डोके उतरविले आणि तासून घेतले, की दाब वाढावा. आणि हवेच्या वाटा घासून आरशासारख्या केल्या. आणि नवा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, आणविला. आणि हवेत पेट्रोल मिसळणारे दोन्ही कार्ब्युरेटर बाईसाहेबांच्या भांडी धुण्याच्या यंत्रात घातले, त्यायोगे रविवारच्या भाजलेल्या मांसास पेट्रोलचा वास आला. बाईसाहेबांनी यजमानांचे ताट उचलून शेडमध्ये नेऊन ठेविले. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात याचा अर्थ डेस्मंडराव पुरता जाणून होते.

इतकी शिकस्त करून हजिरी घेतली तो घोडे चोपन्न! आणि गाडी ठसका लागलेल्या मामंजींप्रमाणे खोकू लागली. आता, दोन कार्ब्युरेटर सारखा श्वास घेतात की नाही हे पाहण्याची या मुलखात जुनी रीत ऐसी की, रबरी नळीचे एक टोक कानाशी, दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरावे आणि फुसफुस ऐकावी. डेस्मंडरावांनी तीन दिवस ऐकिली. दोन्हीकडे सारखीच! शर्यतीस दोन रोज उरले तेव्हा बाईसाहेब चहा घेऊन आल्या, आणि कपाळास हात लावून बसलेल्या यजमानांच्या हातून नळी काढून आपल्या कानास लाविली.

"मागचा फुसफुसतोय, पुढचा मुका आहे," त्या म्हणाल्या.

"मला तर दोन्ही सारखेच वाटतात."

"वाटणारच. तुला दोन्ही ऐकू येत नाहीत. ते कानातलं मशीन काढ खणातून, मेल्या, नाहीतर परवा गाडी मी चालवते."

डेस्मंडरावांस बहुत शरम वाटली, आणि शरमेहून भय अधिक, की डोळे चालले, आता कानही गेले तर आपले उरले काय? मग सारे बाईसाहेबांस सांगितले. त्या म्हणाल्या, नेत्रवैद्याची चिठ्ठी कोटाच्या खिशात सापडली, कोट धुवावयास काढिला तेव्हाच. मग मशीन कानी चढले, पुढच्या कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरला, आणि इंजिन ऐसे गाऊ लागले की ऐकता ऐकता बाईसाहेबांचा चहा निवून गेला. हजिरी, एक्क्याण्णव!

शर्यतीदिनी बेसिल बेचाळीस सेकंद, वर चार दशांश यांत चढले. डेस्मंडरावांस वरचे वळण अंधुक दिसत होते. परंतु गियर केव्हा बदलावा हे इंजिन स्वतः सांगत होते आणि डेस्मंडराव ऐकत होते. बेचाळीस, वर एकच दशांश.

मग बेसिल टोपी काढून आले आणि पुटपुटले, "छान चालवलीस, डेस्मंड."

डेस्मंडरावांनी कानाशी हात नेला. "काय म्हणालास?"

बेसिल पुन्हा बोलले.

"जरा मोठ्यानं बोल, बेसिल. कान गेलेत रे माझे."

तेव्हा बेसिल ऐसे ओरडले की चहाच्या तंबूतील झाडून साऱ्या मंडळींनी माना वळविल्या.

येणेप्रमाणे चढ फत्ते जाहला. ते समयी मशीन डेस्मंडरावांच्या कानी होते, चालू होते, आणि सेल त्याच सकाळी नवा घातला होता, हे बाईसाहेबांच्या आज्ञेवरून येथे नमूद केले असे.