राणेकाकांचं फील्ड

राणेकाकांकडे चहाला गेलात, तर आधी मोबाईल त्यांच्या हातात द्यावा लागतो. काका तो स्टीलच्या डब्यात ठेवतात आणि घट्ट झाकण लावतात. "आत फील्ड शिरत नाही," असं सांगून मग निवांत चहा टाकतात.

घाटकोपरच्या आमच्या सोसायटीत काका तळमजल्यावर एकटेच राहतात. विक्रोळीच्या कारखान्यात मोटारींचं वाइंडिंग करण्यात त्यांचा जन्म गेला. तारेतून करंट गेला की भोवती चुंबकी फील्ड तयार होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. ते फील्ड लिथियमच्या बॅटरीत घुसतं, आत नको तो करंट फिरवतं आणि बॅटरी पेटवतं, हा शोध मात्र निवृत्तीनंतरचा. रोज संध्याकाळी जुना ट्रान्झिस्टर कानाला लावून ते बिल्डिंगभर फिरायचे. कुणाच्या दाराशी खरखर वाढली की बेल वाजलीच. देसाईवहिनींना त्यांनी मिक्सरजवळचे सगळे फोन बाल्कनीत न्यायला लावले. वहिनी वैतागल्या, पण नेले बिचारीने.

मी सेक्रेटरी, म्हणजे सगळ्यांच्या कटकटी माझ्याच डोक्यावर. सकाळी माझी इलेक्ट्रिक स्कूटर जिन्याखाली, मीटरशेजारी चार्जिंगला लावायची आणि मेट्रोने अंधेरीला ऑफिस गाठायचं, हा माझा नेम. एकदा काका आले. बॅटरीची पेटी फुगलीय, मीटरच्या फील्डनेच फुगलीय, गाडी हलव, म्हणाले. मी मूर्खाने त्यातलं फक्त 'फील्ड' ऐकलं. चारचौघांत म्हणालो, "काका, डोक्याला शॉट देऊ नका." सगळे हसले. काकाही हसले.

दुसऱ्या दिवसापासून ते जिन्याखाली स्टूल टाकून बसायला लागले. म्हटलं, बसू देत, दुसरं काम काय आहे त्यांना.

पंधरवड्याने बॅटरीने पेट घेतला. काकांनी जळती गाडी एकट्याने कंपाउंडमध्ये ओढून नेली. दोन्ही हात भाजले. आग विझवायला आलेल्यांपैकी एकाने मला झापलं. फील्डबिल्ड काही नाही, आतला सेल खराब होता, पेटी फुगली तेव्हाच काढायला हवी होती, म्हणाला.

हॉस्पिटलात मी ते काकांना सांगितलं.

"म्हणजे माझंच चुकलं," ते म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ऐकत नव्हतो, तर तुम्ही दिवसभर तिथे कशाला बसत होतात, मी विचारलं.

"तुझी आवस दिवसभर वर एकटी असता रे. तिका जिनो उतरूक जमणा नाय."

त्याच जिन्याने वर, पहिल्या मजल्यावर माझी आई असते. रोज सकाळी प्लग लावताना मला ती एकदाही आठवली नव्हती.