उणे एकशे वीस खुर्च्या

लग्नात सगळ्यांना बसायला खुर्ची मिळाली, दोघांना सोडून. पण हे आत्ताच कळून काही उपयोग नाही. तेव्हा असं काही झालंच नाही असं धरू आणि चार दिवस मागे, शिंप्याच्या दुकानात येऊ.

शिंपी कापायच्या टेबलामागे उभा होता. टेबलापुढच्या दोन खुर्च्यांना त्याने कालच लाल मखमल चढवली होती. त्या नवरा-नवरीसाठी होत्या. त्यातल्या एकीवर नवरी, म्हणजे त्याची मुलगी, फोन स्पीकरवर टाकून बसली होती. पलीकडून खुर्चीवाला बोलत होता.

"ताई, पाचच्या आत आकडा द्या. नाहीतर खुर्च्या दुसऱ्या लग्नाला गेल्या समजा."

होणाऱ्या सासूबाईंची सगळ्या लग्नात एकच अट होती. आलेला एकही पाहुणा उभा राहता कामा नये. त्यांच्या स्वतःच्या लग्नात त्यांचे मामा शेवटपर्यंत खांबाला टेकून उभे होते, आणि ती आठवण निघाली की त्यांचे डोळे अजून भरून येतात. ही अट मोडली तर संसाराची सुरुवातच खांबापासून होणार, हे नवरीला स्पष्ट दिसत होतं.

"बाबा, माणसं किती?"

"निम्मी त्यांच्याकडची."

"कशाच्या निम्मी?"

"एकूणाच्या. एक तृतीयांश आपल्याकडची. पाव हिस्सा माझी गिऱ्हाइकं. उरली ती दहा पोरं."

"अहो, पण यादी कुठाय?"

"यादी कसली? गळ्यात टेप असताना जो समोर आला, त्याला 'या' म्हटलं."

शिंप्याने आयुष्यात कुणाला मीटर सांगितला नव्हता. "तुमच्या भावाला लागलं त्याच्या पाऊणपट आणा," असं तो सांगे आणि कापड बरोबर पुरे. त्याचा अंदाज कधी चुकत नसे. फक्त तो आकड्यात येत नसे.

नवरीने शिंप्याचा खडू उचलला. शाळेतल्या गणितात टाकी भरायची असे, इथे हॉल भरायचा होता, एवढाच फरक. तिने एकूण माणसांचे बारा भाग धरले. निम्मे सहा, तृतीयांशाचे चार, पावाचे तीन.

"बाबा, बारा भागांचे तेरा झालेत. आणि वर पोरं उरलीत!"

"मग बरंच आहे की."

"काय बरंय? जादा झालेला एक भाग आणि दहा पोरं मिळून शून्य, म्हणजे एक भाग उणे दहा. एकूण उणे एकशे वीस माणसं!"

स्पीकर चालूच होता.

"उणे एकशे वीस?" खुर्चीवाल्याचा आवाज एकदम गोड झाला. "म्हणजे तुम्हीच मला खुर्च्या देणार! अहो, हंगामात कुठे मिळतात? टेम्पो तुमच्याच गल्लीत आहे, पाठवतो."

"अहो, नाही, थांबा!"

फोन बंद झाला होता.

"आता हे सुटल्याशिवाय मी इथून उठणार नाही," नवरी म्हणाली. "हा तेरावा भाग आला कुठून?"

"तो शिवणीत जाईल. दोन तुकडे जोडले की थोडं कापड आत दाबलं जातंच. नेमकं माप धरलं तर शर्ट तंग होतो."

"माणसं शिवणीत जात नाहीत, बाबा!"

"जातात. तुझ्या चुलतसासऱ्यांच्या पॅन्टी कोण शिवतं? मीच. म्हणजे ते त्यांच्याकडचेही आणि माझं गिऱ्हाईकही. दोन्हीकडे धरलेत."

नवरीचा खडू हवेतच थांबला. "असे दोनदा धरलेले किती?"

शिंप्याने डोळे मिटले आणि मनातल्या मनात कमरा मोजायला सुरुवात केली. तेवढ्यात टेम्पोवाला आत आला. "ताई, जरा उठता?" नवरी उठली. टेबलावरची नजर मात्र उठली नाही. हिशेब उभ्यानेही होतो. "एकशे वीसपैकी दोन जमा," असं पुटपुटत टेम्पोवाल्याने दोन्ही खुर्च्या उचलल्या आणि तो गेला.

"तीस," शिंपी डोळे उघडून म्हणाला.

"म्हणजे तो जादा भाग आणि दहा पोरं मिळून तीस. एक भाग वीसचा. बारा भाग, दोनशे चाळीस!"

तिने पाचच्या ठोक्याला फोन लावला. "उणे विसरा. दोनशे चाळीस पाठवा."

"नवरा-नवरी धरून?"

"त्यांच्या आमच्याकडे आहेत," मागे न बघता ती म्हणाली.

मग तिने मागे बघितलं.

पुढचा फोन बराच वेळ चालला. "त्या दोन तुमच्या नावावर जमा झाल्या," खुर्चीवाला म्हणाला. "अजून एकशे अठरा येणं आहे. ते आल्याशिवाय आधीच्या कशा सोडू? आणि मखमलीच्या तर लगेच बुक झाल्या, दुसऱ्या लग्नाला."

"मग दोन साध्या जास्त द्या."

"होत्या तेवढ्या सगळ्या तुम्हालाच लावल्यात, ताई."

लग्नाला दोनशे चाळीस माणसं आली. एक जास्त नाही, एक कमी नाही. सासूबाई रांगेरांगेतून फिरल्या, एकही पाहुणा उभा नाही हे बघून पहिल्या रांगेत बसल्या आणि आनंदाने रडल्या. नवरा-नवरी उभी आहेत हे लक्षात आल्यावर त्या आपली खुर्ची द्यायला उठल्या, तर अख्खा हॉल ओरडला, "बसा, बसा! अट मोडेल!"

"आपण पाहुणे नाही, म्हणून धरलोच गेलो नाही," नवरा कुजबुजला.

"बोलू नकोस," नवरी म्हणाली. "मी अर्ज तयार करतेय."

तो अर्ज असा: "माननीय खुर्चीवाले यांस. अर्जदार व तिचे पती स्वतःच्या लग्नात अथपासून इतिपर्यंत उभे होते. तरी आमच्याकडून येणे असलेल्या एकशे अठरा खुर्च्याही उणे धरण्यात याव्यात, जेणेकरून त्या आपणच आम्हांस देणे लागाल. सर्व खुर्च्यांस लाल मखमल चढवून मिळावी, आणि अर्जदारास व तिच्या पतीस त्यांवर मागील तारखेपासून बसण्याची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती."